‘गाव सोडा’ म्हणणाऱ्यांनो, खोली कोण देणार?



मागच्या आठवड्यात गावाकडून चुलत भावाचा फोन आला. त्याची थोरली पोरगी बारावी झाली. चांगले मार्क पडले. तिला औरंगाबादला शिकायचंय. (कागदोपत्री शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालंय, पण आमच्या बोलण्यात औरंगाबादच आहे.) भाऊ म्हणाला, “दादा, तिला एकटीला ठेवायचा जीव होत नाही. सगळे म्हणतात, घरच हलव. विद्यापीठाकडं एखादी खोली बघ, मी हमाली करीन, हिची आई धुणंभांडी करील. गायरान एक जण बटईनं करतो म्हणतोय. काय करू?”

मी लगेच उत्तर दिलं नाही. कारण हा प्रश्न एकट्या भावाचा नाही. दर जून महिन्यात मंठ्यापासून किनवटपर्यंत आपल्या हजारो घरांत हाच प्रश्न रात्रीच्या जेवणानंतर निघतो. आणि त्याला आपल्या समाजात तयार असलेली दोन्ही उत्तरं मला चुकीची वाटतात.

पहिलं उत्तर गावातले ‘हितचिंतक’ देतात. कशाला एवढ्या लांब? तालुक्याला कॉलेज आहे की. आता तर सगळं मोबाईलवर शिकता येतं. पोरीची जात, दिवस कसे आलेत बघताय ना? हे बोलणाऱ्याचा स्वतःचा मुलगा मात्र पुण्यात असतो. तालुक्याच्या कॉलेजात विज्ञान शाखेला प्रयोगशाळा नावापुरती, प्राध्यापक तासिका तत्त्वावरचे, आणि हजेरी परीक्षेपुरती, हे त्यालाही माहीत असतं. आपल्या लेकरांनी पदवीचा कागद घ्यावा पण शिकू नये, अशी ही व्यवस्था आहे. या उत्तरावर जास्त शाई घालवण्याची गरज नाही. पोरगी जाईल. तिथं तडजोड नाही.

दुसरं उत्तर आपलेच लोक देतात, आणि ते बाबासाहेबांचं नाव घेऊन देतात, म्हणून त्याचा समाचार घेणं जास्त गरजेचं आहे. “बाबासाहेबांनीच सांगितलंय, खेडी सोडा. गायरान-बियरान विसरा, विका-फुका आणि शहरात या. मुलांना शैक्षणिक वातावरण मिळेल.” हे सांगणारा बहुधा नोकरदार असतो. विद्यापीठाच्या आसपास त्याचा प्लॉट झालेला असतो, घरावर ‘राजगृह’ किंवा ‘मैत्री’ अशी पाटी असते. तो प्रामाणिकपणे बोलतो, हे मी मान्य करतो. पण तो अर्धंच बोलतो.

बाबासाहेबांनी खेड्याबद्दल काय म्हटलं, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत त्यांनी खेड्याचं गोडवे गाणाऱ्यांची जी हजेरी घेतली, ती आजही झोंबते. पण त्याच बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली १९४२ मध्ये नागपूरला झालेल्या परिषदेचा ठराव किती जणांनी वाचला? त्यात मागणी होती ती अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची, आणि त्यासाठी सरकारी जमिनीची. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये तीच मागणी त्यांनी घटनेच्या भाषेत मांडली. म्हणजे ‘गाव सोडा’ या वाक्याला ‘जमीन घ्या’ हे वाक्य जोडलेलं होतं. आणि ‘सोडा’ म्हणजे एकेकट्यानं गाठोडं उचलून शहराच्या नाल्याकाठी पत्रे ठोका, असं नव्हतं. सगळ्यांनी मिळून, हक्काच्या जमिनीवर, असं होतं. आपण पहिला भाग घेतला, दुसरा सोडून दिला. कारण दुसऱ्या भागाला लढावं लागतं.

दादासाहेब गायकवाडांनी तो दुसरा भाग सोडला नव्हता. १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह त्यासाठीच झाले, तुरुंग भरले. पुढं मराठवाड्यात गायरानाची लढाई झाली. आपल्या माणसांनी पडीक, खडकाळ गायरानं कसली, मार खाल्ला, पिकं मोडून घेतली, पुन्हा पेरलं. तेव्हा कुठं १९९१ चा शासन निर्णय निघाला आणि १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीयांची अतिक्रमणं नियमित करायचं सरकारनं मान्य केलं. कागदावर मान्य केलं. प्रत्यक्षात कित्येकांच्या हातात आजही सातबारा नाही, नुसती गाव नमुना एक-ई ला नोंद आहे, तीही तलाठ्याच्या मर्जीवर. माझ्या भावाची दोन एकरं अशीच आहेत.

आता विचार करा. अशा जमिनीवरचा हक्क कशानं टिकतो? कसण्यानं. वर्षानुवर्षं त्याच माणसानं पेरलं, हे दाखवता येण्यानं. सातबारा असलेला शेतकरी पाच वर्षं मुंबईला जाऊन परत आला तर त्याचं शेत त्याचंच असतं. गायरानवाला दोन हंगाम गेला, तर त्याचं काय असतं? बटईनं करायला तयार असलेला तो भला माणूस उद्या पंचनाम्यात स्वतःचा कब्जा दाखवणार नाही, याची हमी कोण देतं? बापानं डोक्यावर दगड उचलून मोकळी केलेली जमीन एका अकरा महिन्यांच्या भाडेकरारासाठी जाते. आणि आपला नोकरदार बांधव म्हणतो, विसरा.

तरीही माझ्यावर दोन आक्षेप येतील. दोन्ही वजनदार आहेत.

पहिला आक्षेप : रामजीबाबांनीही मुलांच्या शिक्षणासाठी साताऱ्याहून मुंबईला घर हलवलंच होतं. परळच्या चाळीतल्या एका खोलीत राहून त्यांनी भिवाला एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये घातलं, अंधाऱ्या पहाटे उठवून अभ्यासाला बसवलं. ते घर हललं नसतं तर? बरोबर आहे. पण रामजी सुभेदारांना लष्कराचं निवृत्तिवेतन होतं. ते वेतन साताऱ्यात मिळायचं तसं मुंबईतही मिळणार होतं. ज्याचं उत्पन्न त्याच्यासोबत चालत येतं, त्यानं खुशाल घर हलवावं. शिक्षक आहात, पोलिसात आहात, बदली मिळते? या. उद्या या. पण ज्याचं उत्पन्न जमिनीत आणि गावच्या मजुरीत रुतलंय, तो शहरात येतो तेव्हा शून्यातून सुरुवात करतो. हमालीच्या पहिल्या महिन्यात भाडं, दुसऱ्या महिन्यात उधारी. तिसऱ्या वर्षी धाकट्या पोराची शाळा सुटते आणि तो कामाला लागतो. एका लेकराच्या शिक्षणासाठी दुसऱ्याचं शिक्षण गेलं. हा हिशेब ‘वातावरण’वाल्यांच्या वहीत नसतो.

लातूरला ट्यूशनच्या भागात बघा. अकरावी-बारावीच्या मुलासोबत आई दोन वर्षं खोली करून राहते, बाप गावाकडं शेती बघतो. ते त्यांना जमतं, कारण त्या घरात आईची मजुरी घराचा अर्धा आधार नसते. आपल्या घरात असते. कापूस वेचायचा हंगाम बुडाला तर आपल्याकडं वर्ष बुडतं.

दुसरा आक्षेप जास्त कठीण आहे. खैरलांजी. भोतमांगे कुटुंब जमीन धरून होतं, मुलांना शिकवत होतं. २९ सप्टेंबर २००६ ला काय झालं? ते कुटुंब शहरात असतं तर आज जिवंत असतं, असं कोणी म्हटलं तर माझ्याकडं प्रत्युत्तर नाही. म्हणून स्पष्ट सांगतो : जिथं जिवाला धोका आहे, तिथून त्याच रात्री निघा. जमिनीचं, पिकाचं, भांड्याकुंड्यांचं नंतर बघू. तेव्हा कोणी चळवळीच्या नावानं तुम्हाला थांबवत असेल तर त्याचं ऐकू नका. माझे वडील असेच निघाले होते. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या आपल्या वस्त्या पेटल्या. आमच्या गावात घरं जळाली. वडील आम्हाला घेऊन औरंगाबादला आले, चुलते तिथंच राहिले. वडिलांचं पुन्हा गावात काही उरलं नाही. चुलत्यांनी गायरान कसलं. आज मी ज्या विद्यापीठाच्या कमानीपासून चालत जाता येईल अशा अंतरावर राहतो, त्या विद्यापीठाच्या नावासाठी आमच्या घरानं गाव गमावलंय. नाव मिळालं १४ जानेवारी १९९४ ला, तेही नामविस्तार म्हणून. तेव्हा गाव सोडण्याची किंमत मला कोणी पुस्तकातून शिकवायची गरज नाही. जिवासाठी गाव सोडणं वेगळं. पण सरकार वसतिगृह बांधत नाही म्हणून गाव सोडावं लागणं हा आपल्या हक्कावरचा डल्ला आहे, आणि त्याला ‘प्रगती’ म्हणणं म्हणजे डल्लेखोराला पावती देणं.

आता मूळ मुद्द्याकडं येतो. घर हलवायचं की नाही, हा प्रश्न आपल्याला पडतोच का? कारण मधला दुवा गायब आहे. तो दुवा म्हणजे वसतिगृह.

आपल्या चळवळीला हे फार आधी कळलं होतं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल उभं केलं. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, आणि पुढच्याच वर्षी सोलापूरला वसतिगृह सुरू केलं. मोर्चे, सत्याग्रह, महाड हे सगळं नंतर. आधी लेकरांना झोपायला जागा आणि दोन वेळचं अन्न. १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं तर नोकरी करणाऱ्या मुलांना जमावं म्हणून वर्ग सकाळी ठेवले. १९५० ला औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं, तेव्हा मराठवाडा नुकताच निजामाच्या राजवटीतून सुटला होता, उच्च शिक्षणाचा दुष्काळ होता. त्या नागसेनवनात खेड्यापाड्यांतून पोरं एकटी आली, वसतिगृहात राहिली, शिकली. त्यांच्या आईबापांना गाव सोडावं लागलं नाही. मिलिंदमध्ये शिकलेल्या डॉ. सुखदेव थोरातांसारखा अर्थतज्ज्ञ देशाच्या विद्यापीठ अनुदान आयोगाचा अध्यक्ष झाला. डॉ. गंगाधर पानतावणे तिथं शिकवत होते, ‘अस्मितादर्श’ इथूनच निघालं. एका पिढीचं दलित साहित्य त्या वनाच्या सावलीत वाढलं. बाबासाहेबांनी कॉलेज विद्यार्थ्याच्या जगण्याप्रमाणं बेतलं होतं. आज विद्यार्थ्याचं अख्खं घर कॉलेजप्रमाणं हलवायला सांगितलं जातंय.

सरकार म्हणेल, आम्ही स्वाधार योजना दिली. २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तर पैसे थेट खात्यात. ऐकायला छान आहे. आता योजना आली तेव्हाचा हिशेब बघा. औरंगाबादसारख्या शहरासाठी वर्षाला ५१,००० रुपये. त्यात भोजनाचे २८,०००, निवासाचे १५,०००, निर्वाहाचे ८,०००. निवासाचे १५,००० म्हणजे महिन्याला १,२५०. बेगमपुऱ्यात, पहाडसिंगपुऱ्यात फिरा आणि या पैशांत एका मुलीला सुरक्षित खोली शोधून दाखवा. शिवाय घरमालकाला भाडं महिन्याच्या पहिल्या तारखेला लागतं आणि सरकारचा हप्ता कधी येईल ते कोणाला ठाऊक नसतं. कित्येकांचं वर्ष संपतं, परीक्षा होते, मग पैसे पडतात. तोवर सावकार.

आणि या योजनेतली मेख बघा. विद्यार्थी त्या शहराचा स्थानिक रहिवासी नसावा, अशी अट आहे. म्हणजे माझ्या भावानं घर हलवलं, रेशनकार्ड इकडं आणलं, आधारवरचा पत्ता बदलला, की त्याची पोरगी ‘स्थानिक’ झाली. स्वाधार गेलं. गायरानही गेलं. घर हलवा म्हणून सल्ला देणाऱ्या एकानंही त्याला हे सांगितलं नव्हतं.

पण पैशांपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. वसतिगृहाच्या ऐवजी रोख रक्कम देणं म्हणजे आपल्या पोरीला सरकारनं आपल्या दारातून उचलून घरमालकाच्या दारात उभं करणं. आणि ते दार काय विचारतं? आडनाव. मग गाव. मग, “व्हेज ना तुम्ही?” मग भिंतीवर कोणाचा फोटो लावणार त्याचा अंदाज. मग, “खोली कालच गेली हो.” मी स्वतः शिकत असताना एका घरमालकानं मला खोली दिली, आगाऊ भाडं घेतलं आणि चौथ्या दिवशी पुस्तकांच्या ट्रंकेतली बाबासाहेबांची तसबीर बघून ‘पाहुणे येणार आहेत’ म्हणून सामान बाहेर ठेवलं. १९१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नव्हती. पारशी नाव लावून पारशी धर्मशाळेत राहावं लागलं, आणि लाठ्या घेऊन आलेल्यांनी तिथूनही हाकललं. शंभर वर्षांनंतर लाठी गेली, आवाज गोड झाला. नकार तोच आहे. डॉ. थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीच्या परिसरात भाड्याच्या घरांची पाहणी केली, तिथंही दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना हाच अनुभव आला. कॉलेजच्या परिसरात विद्या असते, पण घरमालक तिथंही जातीतच राहतो.

सरकारी वसतिगृहाचं दार आडनाव विचारून बंद होत नाही. तो हक्क आहे. म्हणून वसतिगृह मागायचं, रोख रक्कम नाही. रक्कम हवी, पण वसतिगृह होईपर्यंतची सोय म्हणून.

आता आपल्याकडं वळतो. सरकारला शिव्या देणं सोपं असतं.

विद्यापीठाच्या आसपास, भीमनगर-भावसिंगपुऱ्यापासून सगळीकडं आपली घरं आहेत. दुमजली झाली, तिमजली झाली. वरच्या खोल्या आपण कोणाला देतो? मी माझंच सांगतो. माझी वरची खोली तीन वर्षांपासून एका बँकेतल्या कारकुनाकडं आहे. विद्यार्थी गोंधळ करतात, भाडं थकवतात, मुली म्हणजे जबाबदारी, ही माझीच वाक्यं आहेत. भावानं फोन केला तेव्हा मी पहिल्यांदा खोलीचा विचार केला आणि दुसऱ्यांदा भाड्याचा. १९५६ मध्ये आग्र्याला बाबासाहेब शिकलेल्या लोकांबद्दल जे व्यथित होऊन बोलले, ते दरवर्षी ६ डिसेंबरला मी इतरांना ऐकवतो. ते मलाच उद्देशून होतं.

म्हणून भावाला मी जे सांगितलं, ते इथं जाहीर लिहितो. पोरगी येईल. घर येणार नाही. आधी शासकीय मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज, नाही लागला तर स्वाधारचा. तिकडून निघायच्या आधी जातीचा दाखला, वैधतेचा प्रस्ताव, वडील-आजोबांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्याची प्रत, उत्पन्नाचा दाखला हे सगळं गोळा कर, इथून हेलपाटे परवडत नाहीत. गायरान कोणाला बटईनं देऊ नकोस. यंदाही स्वतः पेर आणि पीक पाहणीला स्वतः उभा राहा. कारकुनाला मी दोन महिन्यांची मुदत दिली आहे. त्यानंतर त्या खोलीत भावाची पोरगी आणि तिच्यासारख्या आणखी दोघी राहतील. हप्ता येईल तेव्हा भाडं देतील. नाही आला तर आम्ही मिळून समाजकल्याणच्या दारात बसू.

एका खोलीनं काही होत नाही, हे मलाही कळतं. पण आपल्या प्रत्येक वसाहतीत बुद्धविहार आहे. रविवारच्या वंदनेपुरतं उघडतं, बाकी कुलूप. प्रवेशाच्या दिवसांत, जून-जुलैत, गावाहून आलेले बाप-लेक स्टँडवर रात्र काढतात. तेवढे दोन महिने विहाराचं कुलूप काढा. खोल्यांची यादी फळ्यावर लावा. बायकांच्या मंडळानं आलेल्या मुलींची विचारपूस करावी. १४ एप्रिलच्या वर्गणीतला डीजेचा पैसा डिपॉझिटसाठी बाजूला ठेवा. मिरवणूक ढोलावरही निघते. आणि प्रत्येक तालुक्यातून एकच मागणी जाऊ द्या : पात्र असलेल्या एकाही मुला-मुलीला जागा नाही म्हणून वसतिगृह नाकारलं जाणार नाही.

फोन ठेवायच्या आधी पोरीनं बापाच्या हातून मोबाईल घेतला. म्हणाली, “मोठे बाबा, मी एकटी राहीन. पप्पांना फक्त पेरायचं सांगा.”

अठरा वर्षांच्या पोरीला कळलंय. आपल्याला कधी कळणार?

जयभीम!